दारावरची दोन माणसं

बेल वाजली. पुष्पलताबाईंनी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि कडीवरचा हात मागे घेतला. बाहेर दोन माणसं. त्यांच्याच गॅरेजातला मेकॅनिक रहिमतुल्ला, टोपी हातात धरून. शेजारी हिशेब बघणारा वरुण, मान खाली घालून.

एकटा आला असता तर डब्यासाठी आला म्हटलं असतं. दोघं कशाला?

नवरा पलटणीत होता तेव्हा क्वार्टरमधल्या एकूणएक बायकांना ठाऊक असायचं, वाईट बातमी घेऊन दोघं येतात. एक सांगायला, एक बाईला सावरायला. शेजारणीच्या दारात आलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. केशवराव सुभेदार होऊन धडधाकट परतले, बहारीनला आले, तुबलीत गॅरेज टाकलं, गुदैबियात बिऱ्हाड केलं, तेव्हा कुठे बाई बेल वाजली की बिनधास्त दार उघडायला शिकल्या. तर साठी ओलांडल्यावर म्हाताऱ्याला आमदारकीचं खूळ लागलं! गावाकडे प्रचारात त्यांच्या जीपवर दगड पडले. आज मतमोजणी. बाईंनी सकाळीच फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकला होता.

"काकू, दार उघडा ना."

"नाही उघडत! तिकडे गाड्या खोळंबल्यात आणि तुम्ही गावभर हिंडताय? चालते व्हा!"

"भाभीजी, सुभेदारसाब का..."

"खबरदार! उनका नाम नहीं लेने का!"

बातमी बाहेर आहे तोवर माणूस जिवंत आहे. बाईंनी दाराला पाठ लावली. बाहेर कुजबुज झाली, मग तीही थांबली. ते तर त्याहून वाईट.

आणि दारापलीकडून फोनवरचा खरखरीत आवाज आला. "पुष्पे! फोन का बंद गं तुझा? निवडून आलो!"

बाई मटकन खाली बसल्या. "डोकं... डोकं फुटलंय का तुमचं?"

"शाबूत आहे. गुलालानं डोळे तेवढे चुरचुरतात."

तेवढ्यात फोनमध्ये धडाधड आवाज झाले. बाई किंचाळल्या.

"फटाके आहेत गं!"

त्यांनी कडी काढली. जीभ आता ठिकाणावर आली होती. "टोपी कशाला काढलीस रे मुडद्या?"

"गर्मी, भाभीजी."

"आणि तू मान घालून काय उभा होतास?"

"काकांना फोन लावत होतो, काकू."

बाईंनी फोन हातात घेतला. "किती वर्षं हो ही आमदारकी?"

"पाच."

पाच वर्षं ही बेल. बाईंनी दोघांना आत घेतलं, कडी पुन्हा लावली, ओढून बघितली.

"खीर खाऊन जा. आणि यापुढे माझ्या दारात यायचं ते एकेकट्यानं. दोघं मिळून आलात तर तंगडी मोडीन."