सासूबाईंच्या म्हणींचा कागद

सासूबाईंनी मला वीस वर्षं म्हणींनीच झोडपलं. दूध उतू गेलं, म्हण. पाहुण्यांसमोर चार शब्द जास्त बोलले, म्हण. मागच्या थंडीत त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. पोटच्या पोरांची नावंसुद्धा तोंडात येईनात. म्हणी तेवढ्या राहिल्या, अगदी ठणठणीत. माझं नशीब, दुसरं काय.

त्यांचे अर्थही जागेवर राहिले नव्हते. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' म्हणजे लघवीला न्या, लवकर. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' म्हणजे पोटरीत गोळा आलाय, चोळा. हे उमगायला मला तीन महिने लागले आणि कितीतरी चादरी धुवाव्या लागल्या. नवऱ्याला अजून कळत नाही. तो नुसता हाक मारतो, "अगं, आई काहीतरी म्हणतेय." मग धार अर्धवट टाकून मी पळते. चार म्हशी आणि एक सासू, पाठीचा पार भुगा झालाय.

परवा वन्सं गाडी घेऊन आल्या. मला बघून म्हणाल्या, "वहिनी, आरशात बघितलंस का स्वतःला? आईला नेते मी." मला रडूच फुटलं. खरं सांगते, आनंदानं.

त्या आईच्या खाटेवर बसल्या. "आई, येतेस ना माझ्याकडे?"

सासूबाईंनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाल्या. पुन्हा तेच म्हणाल्या.

"काय म्हणतेय गं?" वन्संनी मला विचारलं.

त्या म्हणीचा अर्थ एकच, 'नको'. औषध नको, उन्हात नको, दुसऱ्या कुणाच्या हातचं नको.

"येते म्हणतायत," मी म्हणाले.

वन्संनी कपडे भरले. "सगळं लिहून दे बाई, मला काय कळणार त्यातलं?" मी कागद घेतला. एकेक म्हण, तिच्यापुढे अर्थ. शेवटच्या म्हणीपाशी पेन अडलं. इथं खोटं लिहिलं तर तिकडे त्या रोज नको म्हणणार आणि रोज त्यांच्या तोंडात घास कोंबला जाणार. मी लिहिलं, नको.

वन्संनी कागद उभ्याउभ्याच वाचला, अगदी खालपर्यंत. मग माझ्याकडे बघत राहिल्या. सासूबाई अजून तेच म्हणत होत्या. वन्संनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"चल, त्या बाजूनं धर," म्हणाल्या.

मी धरलं. फार दमले होते हो मी.