भट्टीवरचे हात

पाववाल्याच्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं तेव्हा नाव शोधत बसायची वेळच आली नाही. पिठाच्या पोत्यांमागे सापडलेलं ते आईवेगळं पोर. आल्या दिवशी त्यानं पाववाल्याच्या बायकोच्या पायाचा अंगठा धरला, मग शेजारच्या मास्तरांची पोटरी, आणि संध्याकाळी पाव घ्यायला आलेल्या नर्सबाईंच्या पिशवीला लोंबकळून गिऱ्हाइकाची करमणूक केली. बायको म्हणाली, हे पिल्लू नाही, चिमटा आहे. झालं, नाव पडलं.

पाववाला मात्र खुशीत होता. भट्टी थंड झाली की तो खाली जमिनीवर बसायचा आणि पिठानं माखलेला हात चिमट्यापुढे धरायचा. चिमटा त्या हातावर असा तुटून पडायचा की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पाववाला हसत बसायचा. जन्म गेला होता तापलेले ट्रे ओढण्यात. बोटांची कातडी इतकी निबर झाली होती की सुईसारखे ते दुधाचे दात त्याला गुदगुल्यांसारखे वाटायचे. बाबांच्या हाताला काही होत नाही, असं त्याची लेक लहानपणापासून सगळ्यांना कौतुकानं सांगत आली होती, आणि त्यालाही ते ऐकायला बरं वाटायचं.

घोडं अडलं ते लेकीपाशीच. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि बाळ दिवसभर आजी-आजोबांकडे राहणार, हे केव्हाचं ठरलं होतं. पाववाल्यानं तर बेकरीमागच्या खोलीत पाळणाही टांगून ठेवला होता. एकदा लेक पाव न्यायला आली, चिमट्यानं तिच्या घोट्याला दात लावले, आणि रक्ताचा थेंब बघून तिचा चेहराच बदलला. ती आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती, हीच मोठी पंचाईत. शांतपणे म्हणाली, "बाबा, कामावर रुजू व्हायच्या आधी एकदा मी बाळाला घेऊन येईन आणि बघेन. तेव्हाही हा असाच असला, तर बाळ इथे राहणार नाही. त्याला हाकला असं मी म्हणत नाहीये. तुमचं तुम्ही ठरवा."

आता घ्या! एका हाताला नातू, दुसऱ्या हाताला कुत्रा, आणि म्हणे तुमचं तुम्ही ठरवा. पाववाल्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बायकोनं मग चिमट्याला उचललं आणि थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सांगितलं, मारायचं नाही, हात झटकन मागेही ओढायचा नाही, कारण पळणारा हात म्हणजे त्याला खेळच वाटतो. चावणं कुठे थांबवायचं ते पिल्लं भावंडांकडून शिकतात. जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून जातं. याला भावंडं नाहीत, तेव्हा तुम्हीच किंचाळायचं, उठायचं, पाठ फिरवायची. थोड्या वेळानं परत यायचं आणि चघळायला काहीतरी द्यायचं. बस्स, एवढंच.

किंचाळण्यात बायको कुणाला हार जाणारी नव्हती. तिनं असा काही सूर लावला की मास्तर चष्मा न लावताच धावत आले. पण गुण आला. थोड्याच दिवसांत चिमटा तिच्या हाताला नुसतं नाक लावायला लागला. पाववाला म्हणाला, बघ, शिकला की, उगाच तुम्ही बाऊ केलात. बायकोलाही हायसं वाटलं.

आणि मग एका सकाळी तिनं पीठ मळायला हात लावला, आणि मळता मळता तसाच पिठाचा हात चिमट्याला गोंजारायला पुढे केला. चिमट्यानं कडकडून चावा घेतला.

ती हात धरून मटकन खाली बसली. दुखणं बाजूलाच राहिलं, तिला दुसरंच काही कळलं होतं. नवऱ्याला तिनं समोर बसवलं आणि खडसावलं. चिमटा बिचारा शिकलेलाच होता, सगळं बरोबर शिकलेला होता. साधा हात दुखतो, पिठाचा हात दुखत नाही, हे त्याला कुणी शिकवलं? आणि या घरात पिठाशिवायचं आहे काय? पाळण्याची दोरीसुद्धा पांढरी झाली आहे. इथे रांगणाऱ्या बाळाचे हात कसे असणार?

पाववाला गार पडला. इतकं साधं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याची शिकवणी सुरू झाली. चिमट्याची नव्हे, त्याची. चिमटा चावला की ओरडायचं. पण या गृहस्थाला ओरडता कुठे येत होतं? उमेदीत तो सायकलवरून पाव विकायचा. ओरडायला तोंड उघडलं की गळ्यातून तीच लांबलचक हाळी निघायची. चिमटा शेपूट हलवून दुप्पट जोरानं चावायचा. एकदा तर खिडकीतून मास्तरांनी विचारलं, आज पाव घरपोच आहेत का? बायको हसून हसून बेजार झाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण लेकीचा दिवस जवळ येत होता आणि काहीच जमत नव्हतं.

जमलं ते अचानक. पाववाला बुटाची नाडी बांधायला वाकला आणि चिमट्यानं त्याच्या कानाची पाळी धरली. हातांचं ठीक होतं, कान काही कधी भट्टीत गेला नव्हता.

"आई गं!"

आवाज एवढासा, पातळ, लहान मुलाचा. चिमट्यानं तोंड उघडलं, मागे सरकला आणि कान पाडून बसला. बायको आतून धावत आली, तिला वाटलं हा पडला. सगळं कळल्यावर ती नवऱ्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं हा आवाज ऐकला नव्हता.

"भट्टीत कधीच भाजलं नाही का हो तुम्हाला?" तिनं विचारलं.

"भाजायचं की. सुरुवातीला फार भाजायचं. पण वडिलांसमोर हूं की चूं करायची सोय नव्हती. मग तेच अंगवळणी पडलं."

"आणि मी आल्यावर?"

"तुला कशाला उगाच सांगायचं?"

बायकोला राग आला आणि वाईटही वाटलं. तिनं त्याचा कान जरा जास्तच जोरात पुसला.

पण आवाज कुठून काढायचा ते त्याला सापडलं. आता चिमट्याचा दात बोटाला नुसता टेकला तरी तो "आई गं" म्हणायचा, उठायचा, बेकरीत जाऊन दार लावून घ्यायचा. पलीकडे चिमटा कुईकुई करायचा आणि अलीकडे पाववाला तोंड पाडून उभा राहायचा. मग दार उघडून पोत्याची पिळलेली दोरी त्याच्यापुढे टाकायची. हळूहळू चिमटा पिठाचा हात दिसला की आधी दोरी शोधायला लागला. तरी पाववाल्याला भरवसा वाटेना. आपल्या हाताशी वागतो तसा बाळाच्या हाताशी वागेल कशावरून?

लेक आली ती बाळाला घट्ट धरून, आणि पिठाच्या परातीशेजारच्या स्टुलावर बसली. बाळानं बसल्या जागी परातीत हात घातला आणि मूठभर पीठ घेऊन ती मूठ खाली सोडली, नेमकी चिमट्याच्या नाकासमोर. पाववाला भट्टीशी उभा होता. चिमट्यानं मूठ हुंगली. तोंड उघडलं. लेकीचा हात बाळाच्या पोटावर आवळला. आणि बाळ आनंदानं किंचाळलं, एवढंसं, पातळ.

चिमट्यानं तोंड मिटलं आणि मागे सरकून बसला. मग वळला, पाळण्याखाली गेला, पोत्याची दोरी ओढत घेऊन आला आणि बाळाच्या पायाशी टाकली.

बायकोनं पदरात तोंड लपवलं. लेक हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष गेलं. "बाबा, हात!" भट्टीच्या कडेला तो इतका वेळ मनगट टेकवून उभा होता. आतल्या बाजूची, जिथे कातडी अजून मऊ होती, ती जागा लालभडक झाली होती. तिनं सवयीनं विचारलं, "तुम्हाला काही होत नाही ना?"

छे छे, अगदी ओठांवर आलं होतं.

"भाजलंय गं," तो म्हणाला. "चांगलंच चुरचुरतंय."

लेकीनं बाळाला आईच्या मांडीवर दिलं, बाबांना नळाशी नेलं आणि त्यांचं मनगट गार पाण्याखाली धरून उभी राहिली. हे आधी कधी बोलला नाहीत, असं ती म्हणाली तेव्हा आतून बायकोनंच उत्तर दिलं, की त्यांचीही शिकवणी नुकतीच झाली आहे. लेकीनं नळ बंद केला नाही. सोमवारी सकाळी बाळाला आणून सोडते, एवढंच म्हणाली, आणि बाबांचा हात तसाच धरून ठेवला.