दादाचे दोन तास

रेडिओ केंद्र चालतं कसं, असं कोणी विचारलं की ताई म्हणायची, "माझ्या पायांवर." त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेली जुनी ब्लँकेटं, एक टेबल, दोन माईक. आवाज पोचणार तो आसपासच्या वस्त्यांपुरता. नर्सबाई आरोग्यावर बोलायच्या, टॅक्सीवाला गाणी लावायचा, निवृत्त हेडक्लार्क सूचना वाचायचे. सगळे आपापलं पोट सांभाळून येणारे. बिनपगारी माणसाला हुकूम सोडता येत नाही, त्याच्या विनवण्या कराव्या लागतात. कोणाचं मूल आजारी पडलं, कोणाकडे पाहुणे आले, की फोन ताईला. मग मशीनवरचा अर्धवट शिवलेला शर्ट तसाच टाकून ताई जिना चढायची आणि माईकसमोर बसायची.

केंद्र उभं केलं होतं तिच्या थोरल्या भावाने. दादा इलेक्ट्रिशियन. तिथली एकूण एक वायर त्याने ओढलेली, आणि नियमही त्यानेच घालून दिलेले. वेळेवर यायचं, माईकवर कोणाची उणीदुणी काढायची नाहीत, खात्री नसलेली बातमी द्यायची नाही. दिली तर घरी बसायचं. रविवार सकाळचे दोन तास पहिल्यापासून त्याचे.

एका रविवारी दादाने ठणकावून सांगितलं, की नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, लांबच्या रस्त्याने जा. पूल बंद होता खरा, पण कित्येक वर्षांपूर्वी. लोक भलामोठा वळसा घालून गेले. कोणाची गाडी चुकली, कोणाचा दवाखान्यातला नंबर गेला. दिवसभर केंद्राचा फोन खणखणत राहिला.

केंद्राचं कामकाज बघणाऱ्या या मंडळींच्याच समितीची बैठक भरली.

"ताई, हा नुसता विसरभोळेपणा नाही," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "मी गेले काही महिने बघतेय."

"मग सोपं आहे," हेडक्लार्क म्हणाले. "त्यांचा माईक बंद ठेवायचा. ते बोलत बसतील, आपण बाहेर गाणी सोडू. त्यांना कुठे कळणार?"

"नाही," ताई म्हणाली. "त्याच्याच खोलीत त्याला असं फसवायचं नाही. ते मला जमणार नाही."

"मग सांगा तुम्ही. तुमचा भाऊ आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कामाची जबाबदारी ताईवर पडली की बैठक नेहमीच पटकन संपायची.

दादाच्या घरी वहिनीने दार उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ताईने स्वयंपाकघरातच तिला सगळं सांगितलं. वहिनी ओट्याला टेकून उभी राहिली.

"काढून टाकणार त्यांना? काढा," ती म्हणाली. "पण एक सांगते. हे रात्री उठून दाराची कडी काढतात. गॅस चालू ठेवतात. आठवडाभर मी त्यांच्या मागेमागे असते. रविवारी ते तुझ्याकडे असतात ना, तेवढीच माझी पाठ अंथरुणाला लागते."

ताई बाहेरच्या खोलीत गेली. दादा खुर्चीत बसून एका जुन्या प्लगचे स्क्रू काढत होता.

"दादा, रविवारी तू पुलाची बातमी दिलीस. ती चुकीची होती."

"चुकीची?" त्याचा हात थांबला. "लोकांना त्रास झाला?"

"झाला."

त्याने प्लग खाली ठेवला. "मग मला बसव घरी, चिमणे. नियम म्हणजे नियम."

इतक्या सरळ तो कबूल करेल असं तिला वाटलं नव्हतं. ती घरी येऊन पोटभर रडली.

पुढच्या रविवारी दादा जिन्यात हजर. भांग पाडलेला, गळ्यात मफलर. त्याला काहीच आठवत नव्हतं. ताईने जिन्यातच पुन्हा सांगितलं. तोच प्रश्न, तोच पडलेला चेहरा, तेच शब्द: "नियम म्हणजे नियम." पहिल्यांदा कळावं तसंच त्याला लागलं. हे आता दर आठवड्याला करायचं? ताई तिथेच पायरीवर बसली. दादा तिच्या शेजारी बसला आणि तिची पाठ थोपटू लागला.

"दमलीस का गं? एवढं कशाला करतेस?"

"दादा," ती म्हणाली, "आजपासून तुझं थेट प्रसारण नाही. आपण रेकॉर्डिंग करू. मी विचारते, तू सांग. मग कापून, नीट करून ऐकवू."

"चालेल की," दादा म्हणाला. "रेकॉर्डिंगला मशीन बरं आहे ना? आधी तपासू."

यात खोटं काही नव्हतं. तेवढ्यावर ताईने समाधान मानलं. रविवार सकाळी टॅक्सीवाल्याच्या गाण्यांची तबकडी लागायची, आणि आतल्या खोलीत दादा बोलायचा: पहिल्यांदा वीज आलेली गल्ली, विजेच्या खांबावर अडकलेलं मांजर, वडिलांचा मार. मधेच वाक्य हरवायचं, मधेच तो रागवायचा, मधेच उठून वायरी ओढायला लागायचा. दोन तासांतून वीस-पंचवीस मिनिटं हाती लागायची. ती निवडत बसायला ताईची अख्खी दुपार जायची, मग संध्याकाळी ती रेडिओवर लागायची. समितीला ही कल्पना फार आवडली. मदतीला मात्र कोणी आलं नाही.

शेवटी एकदा ताईला ताप भरला. टॅक्सीवाला स्वतःहून म्हणाला, "या रविवारी मी बसतो दादांजवळ. कापाकापीही बघतो. तुम्ही पडून राहा."

संध्याकाळी ताईने अंथरुणातूनच रेडिओ लावला. दादा मांजराची गोष्ट सांगत होता. संपली. मग थोडा वेळ शांतता, आणि दादाने तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. टॅक्सीवाल्याने काही कापलंच नव्हतं. ताई ताडकन उठून बसली, फोनकडे हात गेला. मग वाटलं, आता कोणाला आणि काय बोलायचं? या खेपेला मांजर खांबावरून उतरताना दादा मनापासून हसला, मागे टॅक्सीवालाही हसलेला ऐकू आला.

तक्रारीचा फोन येईल म्हणून तिने वाट पाहिली. कोणाचाच आला नाही. तिने पांघरूण ओढून घेतलं आणि गोष्ट पुढे चालू राहिली.