समधीभेटीची हॅट

पहिली खुर्ची कोणी फेकली ते मला दिसले नाही. दुसरी मात्र माझ्या कानाजवळून गेली आणि बँडवाल्याच्या ढोलावर आपटली. मग काय, सगळ्या मांडवाला हात फुटले. वऱ्हाडातल्या पोरांच्या डोक्यावर काळ्या हॅट होत्या, माझ्या नवऱ्याने स्वतः बनवलेल्या, आणि प्रत्येक पोरगा मारण्याआधी दोन बोटांनी हॅटची कड सरळ करत होता. सिनेमातला तो हिरो तसेच करतो म्हणे. माझ्या भाच्याचा दात पडला, तेव्हाही मारणाऱ्याने आधी कड सरळ केली होती. मला त्या गोंधळातही इतका संताप आला की हातातला पाण्याचा जग मी त्याच्या तोंडावरच हाणला. लग्न माझ्या मुलीचे होते आणि तिला हळद लागलेली होती, हे मला जग हाणल्यानंतर आठवले.

माझे नाव सत्यवती. तुमसरच्या बाजारात टोप्यांचे छोटे दुकान आहे ते आमचे. नवऱ्याचे नाव नंदलाल, पण मी त्यांना आयुष्यभर ‘हे’च म्हणत आले, आताही तसेच म्हणणार. तरुणपणी हे नागपूरला एका म्हाताऱ्या कारागिराकडे हॅट बनवायला शिकले. लोकरीचा नमदा वाफेवर मऊ करायचा, लाकडी साच्यावर ओढायचा, बोटांनी दाबत दाबत त्याला आकार द्यायचा. शिकून गावी परतले आणि त्याच सुमारास माणसांनी डोक्यावर काही घालणेच सोडून दिले. असे आमचे नशीब. मग बँडपार्टीच्या तुऱ्याच्या टोप्या, शाळेतल्या स्काउटच्या टोप्या आणि लग्नात आहेराला द्यायच्या पांढऱ्या टोप्या यांवर आमचा संसार झाला. लाकडी साचे तेवढे माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर रांगेने बसून राहिले. डोळे नसलेली ती डोकी पाहून पाहुण्यांची पोरे रडायची.

हे मात्र दर दिवाळीला साचे पुसायचे आणि म्हणायचे, “फ्यासन फिरून येते, गुंजनची माय. पाहजो तू.”

“येईन तवा आपण नसू,” असे मी म्हणायची.

पण आली! यंदा संक्रांतीच्या वेळेला तो सिनेमा लागला. काळ्या हॅटमधला हिरो एकटा माणसे लोळवत सुटतो आणि हॅट काही पडत नाही. आठवडाभरात दुकानासमोर मोटारसायकली लागल्या. यांनी भंडाऱ्याला जाऊन सिनेमा पाहिला, घरी येऊन रात्रीचे जेवणही विसरले. गोष्ट काय होती विचारले तर म्हणाले, “गोष्टीचं सोड. हॅटच्या माथ्याले समोरून चिमट कशी पाडली होती, ते पाह्याले पाहिजे होतं तू!” माझ्या चहाच्या पातेल्यावर नमद्याची वाफ निघू लागली, सगळ्या घराला ओल्या मेंढरासारखा वास यायला लागला, आणि हा माणूस साठी ओलांडून शीळ घालायला लागला. मी वरवर चिडायची. खरे सांगायचे तर त्यांना इतके खूश मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

त्यातच गुंजनचे जमले. मुलगा लाखांदूरचा, कुंदन, मोबाइलचे दुकान आहे त्याचे. मुलगा सालस आणि गुंजनला मनापासून आवडलेला. त्याचे वडील लहानपणीच गेले. त्याला वाढवले ते थोरल्या काकांनी, कृष्णरावांनी. सगळे घर त्यांना ‘मोठे बाबा’ म्हणते आणि त्यांच्या शब्दाबाहेर तिथे पानही हलत नाही. साखरपुड्याला ते आले तेव्हा डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी होती. बोलताना मधूनमधून ते तिला हात लावून पाहत. यांनी ते बरोबर टिपले.

आमच्याकडे बोहल्यावर चढण्याआधी समधीभेट असते. दोन्हीकडची माणसे मांडवात समोरासमोर येतात, मुलीकडचे लोक मुलाकडच्या मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देतात आणि गळाभेट घेतात. तर कृष्णरावांच्या मुलाचा, धर्मेंद्रचा, लग्नाआधी फोन आला.

“काकाजी, टॉवेल-टोपी नोको आता. घरचे हॅटवाले हा ना तुमी? सिनेमासारखी हॅट द्या सर्वायले. पूर्ण जिल्ह्यात कोणाच्या भेटीत झालं नसंन असं.”

यांना स्वर्ग दोन बोटे उरला. दिवसरात्र बसून हॅट बनवल्या. शेवटी एक पांढरी टोपी शिवायला घेतली. खादी निवडून आणली, टाके इतके बारीक की बोट फिरवले तरी लागू नयेत. एका हॅटला लागला नसेल इतका वेळ त्या टोपीला लागला.

“हे कोणासाठी?” मी विचारले.

“मोठ्या बाबांसाठी. त्यायच्या डोक्याले हॅट नाही शोभत. टोपीचा माणूस आहे तो.”

“सर्वायले हॅट अन् थोरल्याले टोपी? इचारून तं पाहा त्यायले.”

“डोकं पाह्यलं का मले समजते. इचाराचं काय त्यात?”

डोक्यांच्या बाबतीत या माणसाशी वाद घालणे म्हणजे भिंतीशी बोलणे.

संध्याकाळी वरात आली. पोरे वाटेतच पिऊन आली होती, सिनेमातल्या गाण्यावर नाचून घामाघूम झाली होती. भेट सुरू झाली. यांनी एकेकाच्या डोक्यावर हॅट बसवली, कड वळवली, गळाभेट घेतली. टाळ्या, शिट्ट्या, मोबाइलवर फोटो. एक हॅट शिल्लक राहिली ती पोरांनी हौसेने बसच्या ड्रायव्हरला घातली. सगळ्यात शेवटी, मानाने, कृष्णराव पुढे आले. त्यांनी आपली रोजची टोपी काढून खिशात ठेवली होती. उघडे डोके किंचित वाकवून ते उभे राहिले. आणि यांनी दोन्ही हातांनी ती पांढरी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

कृष्णरावांनी हात वर नेला. कापड लागले तसा चेहरा उतरला. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मग त्यांना बसचा ड्रायव्हर दिसला.

“डायव्हरले हॅट,” ते हळूच म्हणाले, “अन् मले हे?”

“इवाईजी, स्पेशल तुमच्यासाठीच...”

“ज्यानं पोराले बाप होऊन पोसलं त्याले दोन रुपड्याचं फडकं! असा मान करता का तुमी? मंग पोरगी बी अशीच कुठंतरी उरलेली देऊन राहिले असान.”

मुलीबद्दल असे बोलले गेले. माझ्या अंगाची आग झाली. मी यांच्याकडे पाहिले, तर यांनी हात जोडले होते. माझा नवरा कधी कोणाला ‘अरे’ म्हणालेला नाही. चुकलं, माफ करा, असे काहीतरी पुटपुटत होते. कृष्णरावांनी डोक्यावरची टोपी ओढून काढली, खाली वाकले आणि त्याच टोपीने आपला जोडा पुसला. आधी डावा, मग उजवा.

व्याह्यांचे पाय धुण्यासाठी पितळेचा गडवा पाणी भरून पाटाजवळ ठेवलेला होता. यांनी तो उचलला. मला वाटले, पाय धुऊन राग शांत करणार. यांनी तो पाण्यासकट कृष्णरावांच्या कपाळावर मारला.

असा आवाज मी नारळ फोडताना ऐकला आहे, माणसाचा पहिल्यांदा ऐकला. पाणी आणि रक्त एकदमच खाली आले. म्हातारा गुडघ्यावर बसला. त्यानंतर खुर्च्या उडाल्या ते मी आधी सांगितलेच. पोरांनी मांडवाचे बांबू उपटले. आचाऱ्याचा लोखंडी झारा कोणाच्या तरी पाठीत बसला, तो माणूस कढीच्या पातेल्यावर पडला आणि भाजलेले हात हवेत धरून ओरडत राहिला. अक्षतांची परात पालथी झाली, पिवळे तांदूळ पायाखाली लाल झाले. बायका लेकरे उचलून शेजारच्या घरांत पळाल्या. हॅट इकडे तिकडे पडल्या होत्या, माणसे त्यांच्यावरून लढत होती. सिनेमात पडत नाहीत त्या.

हे मात्र गडवा टाकून तिथेच उभे होते. दोन पोरांनी यांना खाली पाडले. लाथा बसत होत्या तरी हे उजवा हात लांब करून चिखलातली ती पांढरी टोपी उचलायला गेले. धर्मेंद्रने ते पाहिले. त्याने आपल्या हॅटची कड सरळ केली आणि बुटाची टाच त्या हातावर ठेवून सगळे वजन दिले. एकदा, दोनदा. मी त्याच्या पाठीवर जाऊन पडले, त्याचे केस धरले, खांद्याला चावले. त्याने मला झटकले तशी मी खांबावर आदळले. तोवर बोटांची व्हायची ती दशा होऊन गेली होती.

कोणीतरी पोलिसांना बोलावले. गाडी आली तशी अर्धी माणसे अंधारात पांगली. कुंदनने डोक्याचे बाशिंग सोडले, मोठ्या बाबांना हातांवर उचलले आणि जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. जाताना त्याने गुंजनकडे एकदा पाहिले.

रात्री यांचा हात प्लास्टरमध्ये घालून घरी आणला. डॉक्टर म्हणाले होते की बोटे जुळतील, वळतील की नाही ते सांगता येत नाही. गुंजन हळदीच्या पिवळ्या लुगड्यातच बसलेली होती. ती रडली नाही. बापाजवळ येऊन म्हणाली, “बाबा, त्यायनं मले उरलेली म्हटलं तवा तुमी हात जोडले. टोपीनं जोडा पुसला तवा मारलं. मी पाहून राहिली होती.”

यांनी मान खाली घातली. पोरीचे खरे होते आणि मलाही तेच टोचत होते. मग हे म्हणाले, “तुह्यासाठी माराले हात उचलाची हिंमत नाही झाली, बाई. तुह्यं लगन मोडंन म्हणून भेव लागला. टोपीच्या वक्ताले भेवाची याद नाही रायली.”

गुंजन उठून आत गेली. हळद लागलेली मुलगी लग्नावाचून घरात ठेवत नाहीत. सकाळपर्यंत काही ठरले नसते तर शेजारणींनीच काय काय ठरवले असते ते मला ठाऊक आहे.

सकाळी आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. वाटेत मी यांना बजावले, पाय धरा, काय वाटेल ते करा, पण माफी मागा. कृष्णराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. डोक्याला चारी बाजूंनी जाड पट्टी, एका डोळ्याखाली काळेनिळे. पायथ्याशी धर्मेंद्र उभा होता, त्याच्या खांद्यावर माझे दात उमटलेले होते. कुंदन खिडकीजवळ, कालच्याच कपड्यांत. पोलीस जबानी घ्यायला येणार होते. म्हाताऱ्याने नाव सांगितले की हे आत आणि लग्न कायमचे मोडले, इतके ते सोपे होते.

“आला का आखीन माराले?” धर्मेंद्र पुढे सरसावला. कुंदनने त्याचा दंड धरला.

हे खाटेजवळ गेले. पायांकडे नाही, उशाकडे. कृष्णरावांच्या डोक्याकडे पाहत म्हणाले, “इवाईजी, मले वाटलं तुमच्या डोक्याले हॅट शोभणार नाही. मनानंच ठरवलं मी. तुमाले इचाराले पाहिजे होतं.”

मग कृष्णरावांचा आवाज आला. तो कालचा आवाज नव्हता.

“सिनेमा मी बी पाह्यला ना, बावा. पोरायच्या मांगच्या लाईनीत बसून पाह्यला. भाऊ मेला तवापासून हेच पांढरी टोपी घालून रायलो. थोरला होतो, दुसरं काय घालू? धर्मेंद्रनं सांगतलं भेटीत हॅट भेटते, तं चार दिवस आरशात पाहून राहिलो होतो, कशी दिसंन म्हणून. हासजा नोको.”

कोणी हसले नाही. धर्मेंद्र बापाकडे असा बघत होता की जणू हा म्हातारा त्याला आजच भेटला. मला त्या माणसाची, ज्याला आदल्या रात्री मी मनातल्या मनात दहा वेळा मारले होते, इतकी कीव आली की डोळ्यांना पदर लावावा लागला. सिनेमाने हॅट परत आणली ही गोष्ट खरी. पण कोणाकोणाच्या मनात ती किती वर्षांपासून नुसतीच ठेवलेली होती, हे मापाने डोकी ओळखणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही कळले नाही.

“नमदा आहे घरी,” हे म्हणाले. “आजच्या आज बनते.”

“पट्टीवर कशी बसंन?” कृष्णराव म्हणाले.

“पट्टीवरूनच माप घेतो. पट्टी निघाल्यावर आत कपड्याचा पट्टा लावून देईन.”

“कोणाच्या हातानं बनवसान?” त्यांनी प्लास्टरकडे पाहिले आणि मग पोराच्या बुटांकडे. धर्मेंद्रने पाय मागे घेतला.

यांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत मी त्या साच्यांना धूळ झटकायलासुद्धा हात लावला नव्हता. “गुंजनची माय करंन,” हे म्हणाले. “मी सांगत जाईन.”

कृष्णरावांनी माझ्याकडे पाहिले. मग कुंदनकडे न वळताच म्हणाले, “पोलिसाले सांगजो, मांडवाच्या खांबावर पडलो म्हणून. अन् बँडवाल्याले फोन लाव. पोरीले जास्त येळ हळदीत ठेवत नाही.”

कुंदन फोन काढत बाहेर धावला. त्याला दारात रडू फुटले, ते आम्हाला ऐकू आले. यांच्या खिशातली टेप मी काढली. कृष्णरावांनी डोके खाली वाकवले. पट्टीवर एका जागी रक्त उमटून वाळले होते, तिथून टेप नेताना ती माझ्याकडून जरा जास्तच ओढली गेली.

“कसू नोको, इहीनबाई,” ते म्हणाले. “दुखते.”

मी टेप सैल धरली आणि आकडा वाचला. यांनी सवयीने कानावरची पेन्सिल घ्यायला उजवा हात उचलला आणि तसाच परत गळ्यातल्या झोळीत ठेवला. मग मीच तो आकडा मनातल्या मनात म्हणत घरी आले.