कूस बदलताना

सुपारीएवढा लाल डाग… उज्ज्वलानं भुरीबाईंच्या टाचेवरून अंगठा उचलला तरी तो तसाच होता. दाबल्यावर क्षणभर पांढरी पडून पुन्हा भरून यायला हवी ती कातडी पांढरी पडलीच नव्हती, म्हणजे आत काहीतरी मरायला लागलं होतं — आणि टाच अशी तर कंबर कशी असेल, हे नर्सच्या इतक्या वर्षांच्या नोकरीनं तिला न पाहताच कळलं. भुरीबाई राळेगावकडच्या, लकवा मारल्यापासून घरीच पडून, आज ताप चढला म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात आणलेल्या. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिनं त्यांना हळूच कुशीवर घेतलं. माकडहाडावरची जखम दिसण्याआधी वास आला.

सून शेजारीच उभी होती, निकिता. उज्ज्वला तिला जे बोलली ते ती सगळ्यांनाच बोलते — माणूस आहे की पोतं, कूस बदलता येत नव्हती का, पाठ कधी पाहिलीच नाही का — आवाज न चढवता, आणि म्हणूनच अधिक लागेल असं.

"हालवलं का त्यायले दुखे, सिस्टर, म्हनून मी हातच नव्हती लावत," निकिता म्हणाली. मग जमिनीकडे पाहत, "मले कोनं सांगतलंच नाही."

कोणी सांगितलंच नाही… पण मला तर सांगितलं होतं. मी शिकले, मी नव्या पोरींना शिकवते. आणि बोरी अरबला, धाकट्या भावाच्या, गोपालच्या घरी, मागच्या खोलीत आई — पाय गेल्यापासून पाठीवरच. गेल्या रविवारी मी गेले, मोसंबी घेऊन. नाडी पाहिली, केस विंचरले. भावजयीनं, समीक्षानं, उदबत्ती लावली होती. किती छान वास, म्हणाले मी. भरदुपारी, देव नसलेल्या खोलीत उदबत्ती कशाला लावतात ते मला ठाऊक नव्हतं? चादरीच्या कडेपर्यंत हात गेला होता माझा… आणि मी ती नीट खोचून दिली. पाहिलं असतं तर बोलावं लागलं असतं, बोलले असते तर आईला इकडे आणावं लागलं असतं.

जखम धुऊन झाली. मग तिनं निकिताला जवळ घेऊन दाखवलं — ओढायचं नाही, उचलून सरकवायचं, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. निकिताला लगेच जमलं. भुरीबाईंनी डोळे उघडले आणि कुणाकडेच न पाहता मिटून घेतले.

व्हरांड्यात येऊन उज्ज्वलानं समीक्षाला फोन लावला. सोयाबीनचं विचारलं, गोपाल शेतात गेलाय हे ऐकलं, बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा म्हणाली, "समीक्षा, आईची पाठ पाहिलीस का गं?"



"मी तं रोजच पाह्यते, ताई," समीक्षा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमीच नाही पाह्यली. त्या दिवशी मी दारात उभी राहून वाट पाहून राह्यलती, तुमी चादर काढसान म्हनून."

फोन कुणीच ठेवला नाही. लाज वाटायला हवी होती, निदान रडू तरी… त्याऐवजी 'मी येते' म्हणावं की 'मी घेऊन जाते', हे दोन्ही शब्द तोंडाशी येऊन थांबले. आणि त्या थांबण्यात, कोणता शब्द स्वस्त पडेल याचा विचार आपण अजूनही करतो आहोत, हे तिला स्वतःला स्पष्ट ऐकू आलं.