कूलरचं तोंड

आमच्या चटईच्या कारखान्यात एकच कूलर होता आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे होतं. मे महिन्यात जळगावात माणसं भाजून निघतात, पण आमचा कॉम्प्युटर गारेगार असायचा. मी त्याच्या शेजारी बसायचे म्हणून उरलासुरला वारा मलाही मिळायचा. हस्तीमलशेठ म्हणायचे, "ज्योत्स्ना बेटा, तू थकलीस तर चहा पिशील. तो थकला तर सगळे माग बंद."

ते खोटं नव्हतं. चटईवरचे मोर, कमळं, किनारी सगळं त्या कॉम्प्युटरवर तयार व्हायचं आणि पेन ड्राइव्हमधून मागावर जायचं. ज्या सॉफ्टवेअरवर हे चालायचं, ते सुरतच्या एका माणसाने लिहून दिलेलं. तो माणूस वारला आणि त्याच्यामागे विचारायला कोणीच उरलं नाही. सॉफ्टवेअरही असं हट्टी की जुन्या विंडोजशिवाय उघडायचंच नाही. त्यामुळे शेठ त्या कॉम्प्युटरला देवासारखं जपत. लक्ष्मीपूजनाला त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढत आणि माझ्याशिवाय कोणालाही हात लावू देत नसत. नवीन मुलगी हिना शिकायला तयार होती, पण ती माउसजवळ गेली तरी शेठचा जीव वरखाली व्हायचा.

म्हणून मी अडकले होते. माझा नवरा स्वप्नील धुळ्याला शाळेत शिकवतो. मुलगी जुई त्याच्याजवळ आणि सासूबाईंजवळ, मी जळगावात भाड्याच्या खोलीत. रविवारी एसटीने धुळं, सोमवारी पहाटे परत. नोकरी सोडते असं मी किती वेळा सांगितलं असेल! शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं, भांडून निघून आले असते. पण ते डोळ्यांत पाणी आणायचे. "तू तर घरचीच आहेस, बेटा. एवढं एक होऊ दे, मग तू मोकळी." एवढं एक म्हणजे कधी दिवाळीचा माल, कधी लग्नसराई, कधी हैदराबादची ऑर्डर. अशा माणसाशी भांडता येत नाही, आणि याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड यायची.

यंदा जून महिन्यात जुई पहिलीत जाणार होती. एकदा फोनवर म्हणाली, "आई, पहिलीत तरी तू घरी असशील ना?" तो 'तरी' माझ्या काळजात रुतला.

आणि त्याच उन्हाळ्यात कॉम्प्युटर, कूलर तोंडावर असूनही, मधेच बंद पडायला लागला. शेठचं तोंड उतरलं. मला मात्र आतून बरं वाटत होतं, लपवायचं कशाला? मी म्हणाले, "शेठजी, नवा लॅपटॉप घेऊ. जुनं सॉफ्टवेअर त्यात सुखरूप नेते. मग चुकलं तरी मागे येता येईल, आणि हिनालाही निर्धास्त शिकवता येईल." माझा हिशोब एवढाच होता. भीती संपली की हिना बसेल, आणि हिना बसली की मी सुटेन.

शेठने पंचांग पाहून लाभाचा चौघडिया काढला. मी काही त्यासाठी थांबले नाही. आदल्या दिवशीच जुन्या डिस्कची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली आणि त्या नकलेवरून कॉम्प्युटर चालू होतो का, तेही पाहिलं. मगच मूळ डिस्क शेठच्या तिजोरीत ठेवायला दिली. मुहूर्तावर नव्या लॅपटॉपच्या आत जुना कॉम्प्युटर बसवला, डब्यात डबा ठेवावा तसा. बाहेर नवं विंडोज, आतल्या खिडकीत जुनं.

सॉफ्टवेअर उघडेना. त्याची किल्ली म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीला लावायची बोटाएवढी कांडी. ती बाहेरच्या विंडोजला दिसत होती, आतल्याला नाही. शेठ शेजारी बसून नवकार मंत्र म्हणत होते. ती कांडी आतल्या कॉम्प्युटरच्या हवाली करायची सोय मला सापडली आणि जुना निळा पडदा उघडला. तरी मी हुरळून गेले नाही. एक डिझाइन काढलं, मागावर नेलं, माग चालवणाऱ्या चिंधाभाऊंना एक चटई विणायला लावली. मोर जसेच्या तसे उतरले. तरीही काही आठवडे नकलेवर चालणारा जुना कॉम्प्युटर आणि नवा लॅपटॉप दोन्ही चालू ठेवले, कांडी आळीपाळीने लावून.

शेठला खात्री पटावी म्हणून एक दिवस मी तो लॅपटॉप त्यांच्या घरी नेला. ओसरीवर बसून कमळ काढून दाखवलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "बघा शेठजी, हे आता एका जागी बांधलेलं नाही. कुठेही चालतं."

शेठ पडद्यावर वाकले. मग हसले.

त्यानंतर नोकरी सोडते म्हटलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मग शेठने लॅपटॉपची बॅग माझ्या हातात दिली. झाकणावर कुंकवाचं ताजं स्वस्तिक. "कुठेही चालतं म्हणालीस ना? मग मी तुला कशाला अडवू? धुळ्याहून डिझाइन पाठव. पगार तोच." हिनाला माल पाठवायच्या कामाला लावलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "आभारी आहे" म्हणाले.

पारोळ्याच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा चिंधाभाऊंचा फोन. "ताई, किनारना मोर बठ्ठा उलटा उनात. माग बंद शे. शेठनी सांगं, ताईले फोन कर." किनारीचे सगळे मोर उलटे उतरले होते.

घरी पोचले तर जुईने नवी वह्या-पुस्तकं टेबलावर मांडून ठेवली होती. अर्धी बाजू माझ्यासाठी रिकामी. मी पिशव्या टाकल्या आणि त्या अर्ध्या बाजूवर लॅपटॉप उघडला. मोर सरळ करायला घेतले. ऊन पत्र्यावरून नुसतं ओतत होतं, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. हा आता बंद पडणार, असं वाटून मी उठले आणि जुईकडे असलेलं कूलरचं तोंड लॅपटॉपकडे फिरवलं.

"आई, मला वारा येत नाहीये."

मी वळून पाहिलं. जुईचे केस घामाने कपाळाला चिकटले होते, वहीवर ओला हात उमटला होता. कूलर फिरवायला मी हात पुढे केला. तेवढ्यात फोन वाजला.

"एवढं एक होऊ दे, जुई," मी म्हणाले.