एका डाळीचे दोन नमुने

मल्लिनाथने साबणाचे थेंब टाकलेल्या दोन्ही बाटल्या खळखळून हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या. त्याने आणलेल्या पाण्याला बुचापर्यंत फेस आला. घरच्या बोअरच्या पाण्यात साबणाच्या नुसत्या गुठळ्या तरंगत राहिल्या, फाटलेल्या दुधासारख्या.

"काका, लई जड पाणी हाय तुमचं. गिझर जळणारच की."

मल्लिनाथ पाणी नरम करायची यंत्रं विकायला बीडहून चौसाळ्याला आला होता. साऱ्या घराचं एक मोठं यंत्र, जे दर चार दिवसांनी आतून पाण्याने धुवावं लागे, नाहीतर स्वयंपाकघरातल्या नळापुरतं लहान. कल्याणरावांचा जीव मोठ्यावर बसला होता, पण बाटलीकडे ते बारकाईने बघत होते. त्यांचं आयुष्य सहकारी दूध संघात नमुने तपासण्यात गेलेलं. लॅक्टोमीटर बुडवल्याशिवाय आपण कुणालाही 'दुधात पाणी घातलंस' म्हटलं नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मल्लिनाथलाही दोनदा ऐकवून झालं होतं.

त्यांच्या पत्नी गंगासागरबाई चहा घेऊन आल्या.

"काकू, ह्या पाण्यात डाळ शिजती का?" मल्लिनाथने विचारलं.

"न्हाई शिजत. सोडा टाकावा लागतो चिमूटभर."

"कधीपासून टाकतीस?" कल्याणरावांनी दचकून विचारलं.

"बोअर घेतलं, त्या सालापासून."

कल्याणरावांचा कप हातातच राहिला. त्या साली दुष्काळात आड आटला, दारात बोअर घेतलं आणि वरण कच्चं राहू लागलं. संघाचे संचालक जेवायला आले होते, त्या दिवशी कल्याणरावांनी चारचौघांत ताट सरकवलं आणि सकाळी बायकोला कपिलधारजवळच्या माहेरी नेऊन घातलं. तिथं सासूबाईंनी लेकीलाच डाळ शिजवायला लावली, तर ती लोण्यासारखी शिजली. "इथं शिजती, तिथं कावून न्हाई? मुद्दाम करती ही," असं ते सासूबाईंना तोंडावर बोलले होते. एकाच हातची डाळ, फक्त पाणी वेगळं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. महिन्याने बाई परतल्या, चिमूटभर सोड्याने डाळ शिजू लागली, तेव्हा हेच कल्याणराव संघात चहा पिता पिता मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "महिनाभर माहेरी ठिवली, सुधरली." रिटायर होईपर्यंत सांगत होते. आता ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मल्लिनाथ गाडीच्या डिकीतून पावतीपुस्तक आणायला बाहेर गेला.

"मला सांगितलं कावून न्हाईस?"

"सांगितलं व्हतं. पान्यानं व्हतंय म्हनलं, तर तुमी म्हनलात, नाचता येईना अंगण वाकडं."

म्हटलं होतं खरं. कल्याणरावांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि हे दोन शब्द या घरात आज पहिल्यांदा बोलले गेले.

गंगासागरबाईंनी कप गोळा केले.

"मला काय सांगता? माझ्या आईला सांगायचं व्हतं. 'मालकावरचा राग डाळीवर काढू नगं, बाई,' मरंपर्यंत मला हेच म्हनायची. तिला बी तुमचंच खरं वाटलं."

तेवढ्यात मल्लिनाथ आत आला.

"मग काका, मोठंच लिहू ना?"

कल्याणरावांनी बायकोकडे पाहिलं.

"त्या मोठ्याला धुवायला पाणी किती लागतं?" गंगासागरबाईंनी विचारलं.

"चार दिवसाला शंभर-दीडशे लिटर जातं, काकू. त्याला इलाज न्हाई."

"मग लहान लिवा. बोअर आता घटकाभरच चालतंय," असं म्हणून त्या आत गेल्या.

मल्लिनाथने लहान यंत्र लिहिलं आणि सहीसाठी पावती कल्याणरावांपुढे सरकवली. ते पेन हातात धरून खाली मान घालून बसले. बराच वेळ झाला तरी मान वर होईना. काका बारीक अक्षरातल्या अटी वाचत असतील असं मल्लिनाथला वाटलं, म्हणून तोही थांबून राहिला.